गाडीतलं शेवटचं मूल

मोदकाला माणसं दोन लागतात, असं मंजिरी म्हणायची. एकीने पारी करायची, दुसरीने सारण भरून कळ्या काढायच्या. एकट्या बाईने करायला घेतले की कळ्या काढेपर्यंत उकड आळते, उकड मळेपर्यंत हातातली पारी सुकते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बोलायला कुणी नसतं. कॉव्हेंट्रीतल्या आपल्या अरुंद स्वयंपाकघरात ती वर्षानुवर्षं एकटीच मोदक करत आली होती. ओट्याच्या पलीकडे एक उंच स्टूल होतं. त्यावर कुणी बसत नसे. लंडनहून शार्दूल आला की म्हणायचा, "आई, हे स्टूल चॅरिटी शॉपला देऊन टाकू?"

"राहू दे. त्याची काही अडचण होत नाही."

खरं तर होत होती. फ्रिज उघडला की दार त्याच्यावर आपटायचं.

स्टूल नीनाचं होतं.

दोघी अठ्ठ्याहत्तर सालात काही महिन्यांच्या अंतराने या रस्त्यावर आल्या. मंजिरी साताऱ्याची, नीना नागपूरची. मंजिरीचे यजमान कमलाकर मोटारींच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, नीनाचा नवरा समोरच्याच घरात राहणारा त्यांचा मित्र. पहिल्या हिवाळ्यात दोघींत मिळून एकच धड कोट होता. जिला बाहेर जायचं तिने तो घालायचा, दुसरीने खिडकीत उभं राहून तिची वाट बघायची. पुढे मंजिरीला शार्दूल झाला, नीनाला ऋजुता. घर कुठलं असं ऋजुताला विचारलं की ती लहानपणी रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हातांनी दोन्हीकडे दाखवायची. गळा असा होता तिचा की ती जिन्यात गुणगुणायला लागली की खाली भाजी फोडणीला टाकणारी मंजिरी हात थांबवायची, तेलाच्या आवाजात सूर हरवायला नको म्हणून.

मंडळ कमलाकरांनी काढलं. दोन घरांच्या शेजारातून सुरू झालं म्हणून नावही 'शेजार' ठेवलं. कौन्सिलचा हॉल भाड्याने घेऊन तिथे रविवारी मुलांचा गाण्याचा वर्ग भरायचा. शिकवायला होते शशिधर. पेटी उत्तम वाजवायचे, शंभर स्तोत्रं तोंडपाठ, आणि मुलांशी बोलताना गुडघ्यावर बसून त्यांच्या उंचीचे व्हायचे. आया म्हणायच्या, असा माणूस आपल्या नशिबाने मिळाला. वर्ग सुरू होताना आणि संपताना मुलांनी ओळीने त्यांच्या पाया पडायचं, असा रिवाज पहिल्या दिवसापासून होता. इथल्या शाळेत शिक्षकांना नावाने हाक मारणारी ही पोरं, निदान रविवारी तरी वाकायला शिकतील.

वर्ग सुटला की मुलांना घरी सोडायचं काम गाडीवाल्यांत वाटून घेतलेलं असे. कुणाच्या गाडीत कोण, हे मंजिरी पाहायची. तिला स्वतःला गाडी येत नव्हती, पण मुलं रस्त्यापार नेणं हाच तिचा धंदा होता. एका प्राथमिक शाळेसमोर पिवळा लांब कोट घालून, काठीवरची गोल पाटी धरून ती सकाळ-दुपार उभी राहायची. मुलं तिला 'लॉलिपॉप लेडी' म्हणत. ती रस्त्यात उतरली की लॉरीसुद्धा थांबायची.

ब्याण्णव सालच्या एका रविवारी हॉलवर निघताना कमलाकर म्हणाले, "आजपासून शेवटचं मूल आपल्या गाडीत. शशिधरच्या गाडीत दोघं-तिघं, ती पण एकाच घरी उतरणारी."

"का हो? त्यांना काय जड होतंय?"

"जड नाही." ते किल्ली शोधत होते, हातातच होती. "यजमान सगळ्यांच्या मागून जेवतो की नाही? मग मंडळातलं शेवटचं मूल अध्यक्षानेच घरी पोचवायला हवं."

मंजिरीला हे इतकं आवडलं की त्या दिवशी तिने हॉलच्या दारात उभं राहून मोठ्यांदा पुकारलं, "चला, ऐकलं का सगळ्यांनी, शेवटचं मूल आजपासून आमच्या गाडीत!" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "कमलाकरराव, पेट्रोलचा खर्च मंडळाला लावू नका म्हणजे झालं!" नीना त्या गर्दीत होती. ऋजुता सोबत नव्हती. घसा बसलाय, असं तिने सांगितलं होतं. नीना हसली नव्हती. पण हे मंजिरीला तेव्हा दिसलं नाही. ते पुढे फार उशिरा दिसलं.

त्याच वर्षी नीनाच्या नवऱ्याला ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली आणि ते घर विकून गेले. निरोपाचं जेवण नाही, रडारड नाही. सामानाची गाडी गेल्यावर मंजिरीने पाहिलं तर तिच्या दाराशी ते स्टूल ठेवलेलं होतं. ते मुळात मंजिरीनेच घेतलेलं. नीना त्यावर बसायची म्हणून ते नीनाचं झालं होतं, आणि मध्ये कधीतरी तिच्या घरी गेलं होतं. परत केलेली वस्तू बघून माणूस कळतं. मंजिरीने फोन केले. "हो, बरं आहे सगळं. ठेवते गं, कुकर लागलाय." एकदा तिने धीर करून विचारलंच, "नीने, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार?" नीना म्हणाली.

हे वाक्य मंजिरीने उलटंपालटं करून किती वेळा पाहिलं असेल. रस्त्यात पाटी धरून उभी असताना, बसमध्ये, पोळ्या लाटताना. लोक म्हणाले, ब्रॅकनेलची हवा लागली. ती तसं कधीच म्हणाली नाही. नीनाच्या आठवणीने ती रडायला लागली की कमलाकर उठून बाहेर जायचे आणि गाडी धुवायला घ्यायचे. स्वच्छ गाडी पुन्हा धुवायचे.

आणि दर रविवारी शेवटचं मूल ते स्वतः सोडायचे. ताप असला तरी, बर्फ पडलं तरी. दोन हजार तीन साली त्यांचं हृदय बंद पडलं, त्याच्या आदल्या रविवारीसुद्धा. शोकसभेत मंजिरी उभी राहिली आणि तिने एवढीच एक गोष्ट सांगितली, यजमान मागून जेवतो ती. सभेला रडू आलं. शशिधर सगळ्यांत जास्त रडले. हॉलमध्ये कमलाकरांचा फोटो लागला.

मंडळात आता पुण्या-नागपूरहून व्हिसावर आलेली सॉफ्टवेअरची मुलं जास्त होती. दोन-तीन वर्षांत परत जाणारी. अध्यक्ष व्हायला कुणाला वेळ? सेक्रेटरी राजीव म्हणाला, "काकू, तुम्हीच व्हा. नावापुरतं. बाकी सगळं मी बघतो." अशी ती अध्यक्ष झाली. आणि गाडी चालवायला घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून पहिल्याच रविवारी ती शशिधरांना म्हणाली, "आता मंडळात तुम्हीच मोठे. शेवटचं मूल तुमच्याकडे."

"कमलाकरचीच इच्छा समजू," ते म्हणाले.

*

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, एका रविवारी वर्ग सुटताना मुलं ओळीने वाकत होती. मायरा ओळीत उभी होती पण वाकेना. आठ-नऊ वर्षांची पोर. आई वैजयंती बँकेत, बाप देव एका आयटी कंपनीत, घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत. सगळ्यांत लांब.

"मायरा, काकांच्या पाया पड बाळा," मंजिरी म्हणाली.

मायराने दोन्ही हात कार्डिगनच्या बाह्यांत ओढून घेतले. "मी नाही पडणार."

"असं म्हणतात का मोठ्यांना?" म्हणून मंजिरीने तिच्या पाठीवर हात ठेवून तिला जरासं पुढे ढकललं. हाताखालची ती एवढीशी पाठ फळीसारखी ताठ झाली. मग मायरा वाकली. शशिधर हसून म्हणाले, "जरा हट्टी आहे. पण सूर चांगला लागतो."

बाहेर गाड्या लागल्या. मंजिरी नेहमीप्रमाणे मुलं वाटत होती, तेवढ्यात कुणीतरी तिचा कुर्ता खालून ओढला.

"आजी, मला लास्ट नको."

"म्हणजे गं?"

"काकाच्या गाडीत मला लास्ट नको राहायला. मी तुझ्यासोबत बसमध्ये येऊ?"

मंजिरीचा हात हवेतच राहिला. हे वाक्य तिने ऐकलं होतं. याच दारात, पावसात. निळा रेनकोट, टोपीतून बाहेर आलेल्या ऋजुताच्या दोन वेण्या. *मावशी, मला शेवटी नको. मी चालत जाते.* आणि आपण म्हणालो होतो, वेडी आहेस का, भिजशील. आणि गाडीचं दार आपण स्वतः लावलं होतं, नीट लागलं ना म्हणून एकदा ओढूनही पाहिलं होतं.

"अहो वहिनी, बस कशाला? मी आहे की!" शशिधर किल्ली हलवत आले.

"मला तिच्या आईकडे काम आहे," मंजिरी म्हणाली. तिचा आवाज तिला रस्त्यात उतरतानाचा वाटला.

बसमध्ये तिने काही विचारलं नाही. मायरा काचेवर बोटाने मांजरं काढत होती. घरी पोचल्यावर मंजिरीने वैजयंतीला बाजूला घेऊन मायराचं ते एक वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि निघाली. संध्याकाळी फोन आला.

"काकू, ती बोलली."

काय बोलली ते वैजयंतीने थोडक्यात सांगितलं. ते इथे पुन्हा सांगायचं कारण नाही. ते एका मुलीचं आहे, तिच्यापाशीच राहू दे.

"देव म्हणतोय, आधी मंडळात बोलू या," वैजयंतीचा आवाज चिरत होता. "म्हणजे एकदम पोलीस... आपल्यातच आहे ना सगळं. मला काही कळत नाहीये काकू."

"मंडळ म्हणजे मी," मंजिरी म्हणाली. "तुझं मंडळात बोलून झालं. आता आधी पोलिसांना फोन कर. मी येऊन बसते तुझ्याजवळ."

*

पोलिसांकडून आलेली बाई मंजिरीच्या बैठकीच्या खोलीत बसली. वर्ग बंद ठेवा, त्याच्याशी काही बोलू नका, मुलांना खोदून विचारू नका, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "याआधी कधी कुणी तक्रार केली होती का?"

"नाही," मंजिरी म्हणाली. आणि लगेच, "मला एका घरी जाऊन यावं लागेल."

रीडिंगला आगगाडी बदलून ती ब्रॅकनेलला उतरली. दार नीनाने उघडलं. केस कापलेले, पांढरे. 'ये' म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. चहा केला. कप ठेवताना हात जुनाच होता, करंगळी जरा लांब धरणारा. तो हात बघत मंजिरीने कप जवळ ओढला.

"कशाला आलीस मंजू?"

"ऋजुताबद्दल विचारायला. ती रेनकोट घालून येत होती त्या दिवसांबद्दल."

नीनाने आपला कप बाजूला सरकवला. "आत्ता विचारतेस होय," ती म्हणाली. "आत्ता."

"आणखी एक मुलगी आहे, नीने."

हे ऐकून नीनाने डोळे मिटले. मग ती डोळे न उघडताच बोलली.

"भावजींना मी सांगितलं होतं. तुमच्याच घरी. तू शार्दूलला पोहायला घेऊन गेली होतीस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, वहिनी, माझ्यावर सोडा. पोरीचं नाव निघायला नको, मंडळ मोडायला नको. मी असा बंदोबस्त करतो की पुन्हा असं घडणारच नाही."

"आणि?"

"आणि पुढच्या रविवारी तू दारात उभी राहून ओरडलीस. शेवटचं मूल आमच्या गाडीत."

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. शेजारच्या बागेत कुणीतरी गवत कापत होतं.

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे," नीना म्हणाली. "मला वाटलं, नवरा-बायकोने रात्री बसून ठरवलं, नीनाच्या पोरीची भरपाई म्हणजे काय, तर गाडी बदलायची. पेटीवर तोच. पाया त्याच्याच पडायचं. आणि तू हसत होतीस मंजू. हसत सांगत होतीस."

"मला सांगितलं ते वेगळंच होतं."

"काय सांगितलं होतं?"

मंजिरीने सांगितलं. यजमान, जेवण, सगळं. ऐकता ऐकता नीनाचा चेहरा बदलला, आणि ती हसू की रडू अशा आवाजात म्हणाली, "छान सांगायचे हो भावजी. पहिल्यापासून."

"तू मला का नाही गं विचारलंस? एकदा तरी?"

"तू हो म्हणाली असतीस तर?" नीना म्हणाली. "नाही विचारलं, म्हणून तुला ठाऊक नसेल असं मानायला तेवढी जागा राहिली. अर्धी."

निघताना मंजिरीने विचारलं, "ऋजुता गाते?"

"हाउन्सलोला असते. एअरपोर्टवर नोकरी. गाडीत रेडिओसुद्धा लावत नाही."

परतीच्या गाडीत मंजिरीला वाटलं, कमलाकर आत्ता समोरच्या सीटवर हवे होते. तिला ते एवढे हवेसे कधीच वाटले नव्हते, गेल्या तीन वर्षांतही नाही. भांडायला हवे होते. इतकी वर्षं एकाच ताटात वाढलेलं मीठ आणि त्यांनी ही एक गोष्ट घशाखाली ठेवली. वाईट माणूस नव्हता. बर्फात जायचा. त्याने एका माणसावर आयुष्यभर पहारा केला आणि पहारा म्हणजेच न्याय असं स्वतःला पटवलं. पण पहारेकरी गेला की मागे काय उरतं? उघडं दार. आणि त्या दारात, पहारा कशाचा हे ठाऊक नसलेली त्याची बायको, पोरांना एकेक करून आत सोडणारी.

*

पालकांना सांगणं भाग होतं. पोलिसांच्या बाईने मर्यादा आखून दिली: कुठल्या मुलीचं नाव नको, काय घडलं ते नको. तो आता शिकवत नाही, चौकशी चालू आहे, कुणाला काही बोलायचं असेल तर हा नंबर.

"आणि आम्हाला आधी कळलं होतं, हे सांगू?" मंजिरीने विचारलं.

बाईने वही मिटली. "तुमच्या मंडळाने काय केलं नाही, ते सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा."

राजीव घरी आला. बूट दारात काढून, हातात हात धरून बसला. "काकू, तुम्ही पोलिसांत गेलात ते योग्यच. माझी पण मुलगी आहे. पण कमलाकरकाकांचं नाव कशाला मध्ये? यंदा पंचविसावा गणपती. आणि ते गेलेत हो, त्यांची बाजू मांडायला ते नाहीत."

"म्हणून तर मी मांडायची."

"तुम्ही बायको आहात त्यांची."

"अध्यक्ष पण आहे. तूच केलंस ना? नावापुरती का होईना."

"लोक तुटतील काकू."

"तुटू देत. तेव्हा मंडळ मोडू नये म्हणून एक घर मोडलं. समोरचंच होतं, मला दिसलं नाही." ती उठली. "चहा घेणारेस का? आणि एक सांग, तुझ्या मुलीला मी किती रविवारी शेवटी सोडायला लावलं, ते मोजलंस का तू? मी मोजलं नाही. माझी हिंमत होत नाहीये."

राजीवने चहा घेतला नाही. पण जाताना दारात म्हणाला, "खुर्च्या मी लावतो. हॉल लवकर उघडून ठेवतो."

सभेच्या आदल्या संध्याकाळी तिने नीनाला फोन केला आणि आपण काय बोलणार ते वाचून दाखवल्यासारखं बोलून दाखवलं. "ऋजुताचं नाव घेणार नाही. तू नको म्हणालीस तर एक शब्दही बोलणार नाही."

"बोल," नीना म्हणाली आणि फोन ठेवला.

हॉल भरला होता. पेटी कोपऱ्यात, तिच्यावर हिरवं कापड. मंजिरी कमलाकरांच्या फोटोखाली उभी राहिली, कारण माईकची वायर तिथपर्यंतच पोचत होती. आधी तिने पोलिसांनी सांगितलं तेवढं सांगितलं. कुजबूज झाली, एक लहान मूल रडायला लागलं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं.

"आता दुसरी गोष्ट," ती म्हणाली. "शोकसभेत मी तुम्हाला सांगितलं होतं, शेवटचं मूल आमच्या गाडीत का असायचं. ते खोटं होतं. मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. खरं असं आहे की या मंडळाच्या अध्यक्षाला तेव्हाच सांगण्यात आलं होतं. एका आईने घरी येऊन सांगितलं होतं. त्यांनी गाडी बदलली. माणूस तोच ठेवला. पेटी त्याच्याकडे, मुलं त्याच्याकडे, आणि तुम्हा-आम्हा कुणाला काही नाही. त्यांना वाटलं, ते मंडळ वाचवतायत. ज्या मुलीला वाचवायचं होतं ती मंडळातून गेली, तिची आई गेली, आणि आपण म्हणालो त्यांना शिंगं फुटली. त्या अध्यक्षाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या डोक्यावर लावलंय ते. माझं माणूस होतं. मला अजून रोज हवं असतं. पण हे चुकलं, आणि हे मंडळाचं चुकलं, आणि मंडळाची अध्यक्ष म्हणून मी त्या आईची आणि त्या मुलीची माफी मागते. त्या इथे नाहीत, तरी मागते."

पहिल्या ओळीतल्या अलकाताई, तिच्याच वयाच्या, म्हणाल्या, "मंजिरी, अगं मेलेल्या माणसाला असं..."

"जिवंत असते तर त्यांनाच उभं केलं असतं, अलका."

दोघं-चौघं उठून गेले. एकाने जाताना दार आपटलं. मग मागून एका तरुण आईने हात वर केला, शाळेतल्यासारखा, आणि म्हणाली, "काकू, तो नंबर परत एकदा सांगाल?"

मंजिरीने सांगितला. हळू, एकेक आकडा.

सगळे गेल्यावर तिने राजीवला खुर्चीवर चढून फोटो काढून द्यायला सांगितला. तो टेस्को दुकानाच्या पिशवीत घालून, मांडीवर धरून ती बसने घरी आली. भिंतीवर लावावासा वाटेना, कपाटात टाकवेना. शेवटी तिने तो स्वयंपाकघरात नीनाच्या स्टूलवर टेकून ठेवला. कणीक भिजवता भिजवता म्हणाली, "अहो, एवढं तरी मला सांगायचं होतं. मी काय मेले असते का?"

फोटोत ते नेहमीसारखे किंचित बाजूला बघत होते.

*

त्या वर्षीच्या गणपतीला निम्मी घरं आली. गाणी झाली नाहीत. पाया पडायची ओळ मंजिरीने बंद केली; ज्याला वाटेल त्याने देवाला करावा नमस्कार, माणसांना हात जोडले तरी पुरे. मायरा आईचा हात धरून आली, तिने दोन मोदक खाल्ले आणि तिसरा खिशात घातला. आरती बेसूर झाली, पण झाली.

शाळा सुरू झाल्यावर एक दिवस, सकाळची फेरी संपवून मंजिरी पाटी आत ठेवत होती, तेवढ्यात मोबाइल वाजला.

"मावशी? मी ऋजुता."

आवाज जाड झाला होता. पण 'मावशी'तला 'व' अजून तसाच, ओठ न मिटता.

"आईने मला सांगितलं, तू हॉलमध्ये काय बोलली ते. मी खूप दिवस विचार केला. मला पण स्टेटमेंट द्यायचंय. कॉव्हेंट्रीला येते मी. आई येईल सोबत, पण ती गाडीतून उतरणार नाही म्हणते."

ऋजुता यायची त्या दिवशी मंजिरी पहाटे उठून उकड काढायला बसली. गणपती होऊन गेले होते, तरी.

पोलीस स्टेशनच्या बाहेर एक लहान करडी गाडी उभी होती. ऋजुता आत गेलेली. नीना पुढच्या सीटवर बसली होती, पट्टा न काढता, समोर बघत. मंजिरी डबा हातात घेऊन काचेपाशी उभी राहिली. ठोठावावं की नाही, ते तिला कळेना. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. बऱ्याच वेळाने दाराचं कुलूप आतून खट्कन उघडलं.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, आयुष्यात पहिल्यांदा. पाय कुठे ठेवावेत ते समजेना. नीनाने डबा घेतला, झाकण उघडलं आणि एक मोदक उचलून उजेडाकडे धरला.

"कळ्या अजून जाडच काढतेस."

"एकटीने किती नाजूक काढणार?"

नीनाने तो खाल्ला नाही, ठेवलाही नाही. हातात धरून बसली. स्टेशनचं दार उघडलं की दोघी एकदम वर बघायच्या. दरवेळी दुसरंच कुणी असायचं.

ऋजुता आली तेव्हा दुपार कलली होती. तिचे डोळे सुजलेले होते आणि चाल मोकळी होती. तिने मंजिरीला स्टिअरिंगमागे बघितलं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसली. "मावशी, तुला येते का चालवायला?"

"नाही गं बाई."

"मग मागे बस. तुला घरी सोडते."

जुन्या रस्त्यावर गाडी थांबली. समोरचं घर आता कुणा पोलिश कुटुंबाचं होतं. दाराला निळा रंग. नीनाने त्या दाराकडे पाहिलं, मग मंजिरीच्या दाराकडे.

"स्टूल आहे अजून?"

"आहे."

"फ्रिजला लागत असेल."

"लागतं."

नीनाने मान हलवली. तिचा हात दाराच्या कडीवर गेला, तिथे थोडा वेळ राहिला आणि परत मांडीवर आला. "आज नको, मंजू."

"बरं."

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मंजिरी फाटकात उभी राहिली, रिकामा डबा धरून. डबा रिकामा होता, मोदक नीनाने काढून घेतले होते, हे तिच्या लक्षात मागाहून आलं. मग ती आत गेली. स्टूलवरचा फोटो उचलून तिने पुसला, आतल्या खोलीतल्या फडताळावर नेऊन ठेवला, आणि स्टूल पुन्हा मोकळं करून ओट्याशी सरकवलं.